नव्वद दिवसांचा भाव

दादरच्या कोर्टात पुकारा झाला, तसा बुधाजी पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. मळका सदरा घालून ये, म्हणून गंगाधरने बजावलं होतं. पण अंबिकेने पहाटे उठून सदऱ्याला पेजेची खळ दिली आणि निखाऱ्यांच्या तांब्याने इस्त्री केली. सरकारापुढे नवऱ्याने नीट दिसावं, एवढंच तिला ठाऊक.

पोलिसांनी पकडलेले हातभट्टीचे दोन डबे गंगाधरचे होते. बुधाजीने दारूच्या थेंबालाही कधी ओठ लावला नव्हता. पण गंगाधरचा धंदा मोठा चोख. त्याचा माल पकडला गेला की भाड्याचा माणूस गुन्हा कबूल करी आणि आत काढलेल्या दर दिवसाचे पैसे त्याच्या घरी पोचत. एका दिवसाच्या पैशात एक इंजेक्शन येत होतं. लेकीच्या, शैलाच्या क्षयावर डॉक्टरांनी नव्वद सांगितली होती आणि या गुन्ह्याला शिक्षा तीन महिन्यांची. देव हिशेबाला पक्का, असं बुधाजीला वाटलं होतं.

"गुन्हा कबूल," तो म्हणाला.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्याला निरखून पाहिलं. दाढी केलेली, सदरा कडक, गुन्हा पहिलाच. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहींनी तुरुंग आधीच गच्च भरलेत, त्यात या सालस माणसाला कशाला फुकट पोसायचं, असं काहीसं ते कारकुनाशी बोलले.

"कोर्ट उठेपर्यंत कैद. पुन्हा असं करू नकोस."

"करीन, साहेब," बुधाजी बोलून गेला. "पुन्हा करीन. तीन महिने द्या."

कोर्टात हशा पिकला. साहेब हसले नाहीत.

"डबे कोणाचे होते?"

गंगाधर दारापाशीच उभा होता. त्याचं नाव घेतलं तर आजचा दिवसही हातचा जाणार.

"माझेच," बुधाजी म्हणाला.

त्याला बाकावर बसवलं. दुपारभर तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. काटा आपला चालतच होता, मेला. साडेपाचला साहेब उठले, तसे सगळे उठले.

"जा की घरी," शिपाई म्हणाला. "सुटलास."

दारातून गंगाधरने एक बोट वर करून दाखवलं आणि तो जिना उतरू लागला. बुधाजी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून बसून राहिला.