साइड स्टँड

"चालवताना कधी पडली का गाडी, मॅडम?"

"एकदाही नाही, मिस्त्री. आंबोलीच्या जंगलातला कच्चा रस्ता उतरून आले. पण स्टँडवर लावली की उजवीकडे कलंडते. महिन्यात तीनदा."

मॅडमचा नवरा मोटरसायकलचं हँडल धरून उभा होता. "हिला झेपत नाही हो. विकून टाकू म्हणतोय."

मी खाली वाकलो. मॅडमचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून कुणीतरी मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी दीड इंच खाली घेतली होती. स्टँड मात्र जुनाच ठेवला होता. गाडी बुटकी झाली आणि स्टँड लांब पडला. मग ती डावीकडे रेलणार कशी? सरळ ताठ उभी राहायची, आणि जरा धक्का लागला की पलीकडे जायची. असलं अर्धवट काम पाहिलं की माझं डोकं फिरतं.

स्टँड इंचभर कापला, वेल्डिंग केलं, गार होऊ दिलं. मॅडमनी स्वतः गाडी लावली. ती डावीकडे रेलून थांबली. नवऱ्याचा हात सवयीने पुन्हा हँडलवर गेला.

"अहो, सोडा आता तिला," मॅडम म्हणाल्या.

त्याने सोडलं. गाडी हलली नाही.