ताल कुणाचा

इजिप्तमधल्या तिम्साह तलावात रबरी होड्या दोन. प्रत्येकीत सहा शिपाई, सहा वल्ही. पलीकडे तरंगणारं लाल पिंप दोन्हींपासून शंभर मीटरवर. वारा नव्हता.

जिंकणाऱ्या होडीला शुक्रवारची रजा होती आणि शुक्रवारी पहिल्या होडीतल्या रजबचा साखरपुडा. रजा न मिळाल्याने तो दोनदा पुढे ढकलला होता. आता आला नाहीस तर मुलगी दुसरीकडे देतो, असं होणारे सासरे हाजी फिक्री यांनी फोनवर सुनावलं होतं.

तरी रजब निश्चिंत होता. कालच हवालदार मुतवल्लींनी त्याला बाजूला घेऊन खांद्यावर हात टाकला होता. "बाकीचे पाच नुसते हमाल आहेत रे. ताल तू धर. ते काहीही ओरडोत, तू आपला सोडू नकोस. आणि बोलू नकोस कुणाला, जळतील लेकाचे."

शिट्टी वाजली. "हेला-होप!" रजबने ताल देत वल्हं मारलं.

मागून शनूदाने वेगळाच ताल दिला. मग बासियूनीने. मग उरलेल्या तिघांनी, तीन. होडी गोल गोल फिरत निघाली.

"अरे गाढवांनो, माझ्या तालावर मारा!" रजब ओरडला.

"तुझ्या? तू कोण रे?" बासियूनी उसळला. "हवालदारसाहेबांनी मला सांगितलंय!"

"मलाही सांगितलंय," शनूदा म्हणाला. "तुम्ही हमाल आहात."

सहाही वल्ही थांबली.

"महिनाभर कपडे धुतले मी त्यांचे," बासियूनी पुटपुटला.

"मी बूट पुसले," रजब म्हणाला.

"आईने पाठवलेलं अख्खं बदक दिलं रे मी!" शनूदाचा आवाज चिरकला.

दुसऱ्या होडीने पिंप गाठलं. टाळ्या झाल्या. यांची होडी काठापासून चाळीस मीटरवर होती, तीही तोंड उलटं करून.

"गेला शुक्रवार," रजब म्हणाला.

काठावरून हवालदार मुतवल्ली हात हलवत होते. "तुझी काही चूक नाही रे, बाळा! मला ठाऊक आहे!"

सहाही जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हेला?" रजबने हळूच विचारलं.

"होप!" पाचही जण एका आवाजात गरजले.

होडी सरळ काठाकडे सुटली. हवालदार एक पाऊल मागे सरले, मग दुसरं, मग वळलेच. वेळ मोजणाऱ्या लेफ्टनंटने सवयीने पुन्हा घड्याळ दाबलं.

चाळीस मीटर, सोळा सेकंद. त्या छावणीत एकोणीसच्या खाली आजवर कुणी आलं नव्हतं.