कुठेच न बसणारी ओळ

दोनशे सत्त्याऐंशीवी ओळ कुठल्याच फंक्शनमध्ये बसेना.

पाळणाघराच्या ॲपचं लॉगिन होतं ते. पालकांनी दारात उभं राहून आपला मोबाइल नंबर आणि पासवर्ड टाकायचा, हिरवी खूण आली की दार उघडतं, मूल घेऊन जायचं. पासवर्ड तपासण्यापासून दार उघडण्यापर्यंत सगळं चारशे ओळींच्या एकाच फंक्शनमध्ये, कोडच्या एकाच तुकड्यात, कोंबलेलं. "थोरली सून आहे ही," टीमलीड म्हणायचा, "घरातलं सगळं हिच्याच गळ्यात." सकाळपासून टीममधल्या नव्या इंजिनिअर मुलीने त्याची चार छोटी फंक्शनं केली होती. एक पासवर्ड तपासणारं, एक चुकलेले प्रयत्न मोजणारं, एक नोंद ठेवणारं, एक दार उघडणारं. प्रत्येकाला एकच काम.

उरली ती ही ओळ. तिच्यात एक मोबाइल नंबर होता. तो नंबर आला, की पासवर्ड बरोबर असला तरी 'सर्व्हर बंद आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं दाखवायचं. कशासाठी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"कुणीतरी चाचणीसाठी टाकलं आणि विसरलं," टीमलीड तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला. "उडव."

तिने उडवली. सगळ्या चाचण्या पास झाल्या. दुपारी दोनला नवा कोड चालू झाला.

पावणेचारला पाळणाघराच्या मावशींचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"तुम्ही आज ॲपला काही केलंत का?"

"हो, जरा नीट केलं..."

"नीट केलंत? एक जण हिरवी खूण घेऊन आत आलाय. पोरगी त्याला बघून कपाटामागे जाऊन बसलीये."

"कोण आहे तो?"

"बाप तिचा. त्याच्याकडे द्यायची नाही, असा कोर्टाचा कागद आहे माझ्याकडे. पण आपल्याला अडवलंय हे त्याला कळलं की काय होतं, ते तिच्या आईच्या हातावर बघितलंय मी. तुमच्या आधीच्या इंजिनिअरला आम्ही दोघींनी हात जोडून सांगितलं होतं, त्याला नुसता बिघाड दिसू दे."

तिने जुना कोड उघडला. "पोलिस?"

"कळवलंय. येतील तेव्हा येतील."

"जुना कोड परत टाकायला सहा मिनिटं लागतील. तोवर त्यांना बोलण्यात..."

"तीस वर्षं पोरं झोपवतेय मी, बाई. फोन चालूच ठेवते."

टीमलीड उठून उभा राहिला होता. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि जुना कोड परत टाकायचं बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली.

"बसा ना, साहेब," फोनमध्ये मावशी म्हणत होत्या. "येतेच ती. तेवढी वहीत सही करा. अगंबाई, हे पेन उठतच नाही. थांबा हं."

चाळीस टक्के.

"कालपासून सर्दी आहे बरं का तिला."

"सर्दी झाली की तोंड उघडं ठेवून झोपते ती," तो म्हणाला. "अगदी तान्ही होती तेव्हापासून. उशाला दुसरी उशी लागते."

आवाजात इतकी माया होती, की तिने टीमलीडकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता.

सत्तर. नव्वद. सहाव्या मिनिटाला शंभर.

तिने सगळ्यांचं लॉगिन तोडलं; आता प्रत्येकाला पासवर्ड पुन्हा टाकावा लागणार होता.

"साहेब, तेवढी खूण परत एकदा दाखवता का? वेळ लिहायचीये."

पडद्यावर बोटं वाजली. थांबली. पुन्हा वाजली.

"सर्व्हर बंद? मघाशी चालू होतं की!" टेबलावर काहीतरी दाणकन आपटलं. "एक दिवस धड चालत नाही तुमचं हे!"

"काय सांगू, साहेब. आम्हीसुद्धा रोज त्यांच्या नावाने खडे फोडतो. आणि खुणेशिवाय मूल सोडलं तर माझी नोकरी जाईल."

खुर्ची मागे सरकली.

"उद्या येतो."

पावलं गेली. दार लागलं. टीमलीड खुर्चीत बसला. तिने फोन हातात तसाच धरून ठेवला होता.

मग लांबून, लाकडाच्या पलीकडून यावा तसा, बारीक आवाज आला.

"मावशी, अजून बिघडलेलंच आहे ना?"