सभागृहाचे पडदे

नगरपरिषदेच्या सभागृहात दुपारचं ऊन थेट डोळ्यांवर यायचं. पडद्यांसाठी दरवर्षी बजेटमध्ये पैसे ठेवले जात, पण पडदे काही लागत नसत. कुणी विचारलंच, तर लेखापाल चष्मा पुसत म्हणायचे, "कापड पसंत पडत नाहीये."

यंदा ऐन उन्हाळ्यात पाणीपुरवठ्याचा पंप जळाला. गावभर नळ कोरडे. नगराध्यक्षा धावतच लेखापालांच्या टेबलाशी आल्या.

"राखीव निधीत किती आहेत?"

"काहीच नाहीत. चौकात कारंजं बांधलंत ना!"

त्या मटकन खुर्चीत बसल्या. लेखापालांनी एक कागद पुढे सरकवला.

"सही करा, बाई. आजच नवा पंप येतो. पैसे आहेत."

"कुठून आले?"

"पडद्यांचे साठलेत. राखीव म्हटलं की सगळ्यांचे हात शिवशिवतात. पडद्यांकडे कोण बघतंय?"

संध्याकाळी नळांना पाणी आलं आणि बाईंच्या जिवात जीव आला.

पुढच्या बजेटच्या सभेत त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरून पहिलाच ठराव मांडला, "पडद्यांची तरतूद दुप्पट करा. आणि कापड पसंत करायची मुळीच घाई नको."