तीन तासांची मॅकरोनी

“डोन्ट टच, कण्णा. हॉट! से, हॉट.”

लाडाच्या ‘कण्णा’नं, सुंदरीनं, हात मागे घेतला. आईच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाली मात्र काहीच नाही.

“हॉट,” सरोजानं पुन्हा सांगितलं. “अँड वॉट इज दिस? मॅकरोनी. से, मॅकरोनी.”

हॉलमध्ये प्लगपाशी, स्टुलावर, विजेवर हळूहळू शिजवणारं ते परदेशी भांडं काचेचं झाकण लेवून बसलं होतं. दीर गुरुराजनं अमेरिकेहून आणलेलं. सोबत विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. जावेनं कागदावर सगळं लिहून दिलं होतं. मॅकरोनी, दूध, लोणी, टोमॅटो घालून तीन तास ठेवायचं. मधे झाकण उघडायचं नाही. चीज शेवटच्या अर्ध्या तासात. तीन शिट्ट्यांत स्वयंपाक उरकणाऱ्या वेस्ट मांबलमच्या त्या घराला हे नवलच होतं. पण त्याच्या खोक्यावरच्या मॅकरोनीच्या चित्राकडे सुंदरीनं आपण होऊन बोट दाखवलं होतं, आणि सुंदरीनं काही मागणं हे त्याहून मोठं नवल.

सव्वातीन वर्षांची पोर आणि सगळे मिळून सात शब्द. कान तपासून झाले, जीभ तपासून झाली. दोष काही नाही. शाळेच्या मुलाखतीत बाईंनी चेंडू दाखवला, मांजराचं चित्र दाखवलं. सुंदरी ढिम्म.

“घरात किती भाषा बोलता?” बाईंनी विचारलं. मोलकरणीशी तमिळ, आजीची तंजावरची मराठी, आईबापांची इंग्रजी. बाईंनी कपाळाला हात लावला. “पोर गोंधळणार नाही तर काय? एकच ठेवा, इंग्लिश. आणि सारखं बोलत राहा तिच्याशी. पुढच्या गुरुवारी परत आणा.”

सरोजा बी.एस्सी. झालेली, सांगितलेलं तंतोतंत पाळणारी. सोमवारी तिनं सासूला समजावलं. सकवारबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

“म्हणजे मी नातीशी बोलायचंच नाही?”

“थोडे दिवस, आत्याबाई. तिच्याच भल्यासाठी.”

सकवारबाई “बरं,” म्हणाल्या. सोमवारपासून त्या नातीचे केस विंचरायच्या, भात कालवून द्यायच्या, सगळं तोंड मिटून. सरोजाला वाईट वाटायचं. ते भरून काढायला ती आणखी बोलायची. चमचा आला की स्पून, कावळा आला की क्रो, रात्री डोळे मिटेपर्यंत मून आणि स्टार.

अडीच तास होत आले, तेव्हा तिनं चीजचा डबा काढला. चंद्रमौळीनं ऑफिसातून येताना डबा आणला होता खरा, पण तो निघाला कंडेन्स्ड मिल्कचा. नवऱ्याच्या नावानं मनात दोन शब्द म्हणून ती पायात चपला सरकवून निघाली. दारातून वळून सासूला म्हणाली, “झाकण उघडू देऊ नका. जवळ जाऊ देऊ नका. आणि... लक्षात आहे ना?” सकवारबाईंनी मान हलवली.

कोपऱ्यावरच्या दुकानात चीज नव्हतं. स्टेशनजवळच्या दुकानात मिळालं. येताना ती जवळजवळ पळतच आली. वायर तापली असेल, पोरीनं हात लावला असेल, काय न काय. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर मात्र ती थबकली.

आतून लहान मुलाचा आवाज येत होता. अखंड, चिवचिव. कुणाचं तरी मूल खेळायला आलं असावं. पण ते मराठी बोलत होतं, आणि ह्या इमारतीत मराठी घर त्यांचं एकच.

“बघ आज्जी, ही नळी वर आली. ही तिची अम्मा. अम्मा बुडाली. आता नळी रडती. रडू नको गे. इरु, इरु, थांब. ती बघ आली, बघ आली वर!”

सरोजानं दार ढकललं. स्टुलासमोर आजी आणि नात मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. दोघींच्या नजरा काचेवर. आईला बघताच सुंदरी गप्प झाली.

“से इट अगेन, कण्णा,” हे सरोजाच्या ओठांवर आलं होतं. पण जिन्यानं दम असा लागला होता की शब्द फुटेना. ती तशीच चपलांसकट खाली बसली.

सुंदरीनं तिच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. प्रश्न काही आला नाही. मग पोर हळूच काचेकडे वळली.

“अम्मा, ती लाल फोड आहे ना, ती ह्यांची पाटी आहे, आपल्या आज्जीसारखी. खेळून घामेजली.”

चीज घालायची वेळ टळून गेली. मॅकरोनीचा पार लगदा झाला. वरून किसलेलं चीज मात्र त्यात तारा सोडत विरघळलं आणि सुंदरीनं ते दोनदा मागून खाल्लं. कुणाची अम्मा कोण हे प्रत्येक घासाला सांगत. सरोजाला गुरुवार आठवलाही नाही.

“तुम्हीच बोललात ना तिच्याशी?” ताटली पुसत तिनं सासूला विचारलं. आवाजात राग नव्हता. “खरं सांगा, आत्याबाई.”

“देवाशपथ, एक शब्द बोललें नाही. मंगळवारी तू गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलीस, तेव्हाच सुरू झाली ती. रोज, तू गच्चीवर गेलीस की.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुझ्यात सांगायला फट सापडती कुठं?” सकवारबाई हसल्या आणि नातीच्या ओठांवरचं चीज पदरानं पुसलं. “आपण गप्प कधी होतों, ह्याचीच वाट बघत बसली होती गे पोर.”