मशीनचा बकरा

धनराजने बकऱ्याचे मागचे पाय धरले होते. समोर सत्तूर घेऊन मुकादम हेमसिंग उभा होता. सरकीचं तेल काढणारं मशीन पूजेसाठी बंद केलं होतं. त्याला हळदकुंकू लागलं होतं. खालच्या नळीतून मात्र तेल गळतच होतं आणि फरशीवर पसरत होतं. याच तेलावरून घसरून उदयसिंगचा हात पट्ट्यात गेला होता आणि हातामागून तो. आज त्याच्या जागेवर त्याचा मुलगा धनराज कामाला लागणार होता.

धनराजची बहीण निता दारात उभी होती.

"काका, आधी तेल पुसा. नळी बांधा. माझा बाप याच्यावरच घसरला."

"मशीन भुकेली होती, बेटा," हेमसिंग म्हणाला. "तिचं तिले देल्लं का मंग माणसाले हात लावत नाही."

"भुकेली नाही. गळून राह्यली."

"पोछा मारून मशीन मानली असती तं मालकानं मुकादम कायले ठेवला असता? बाईच ठेवली असती."

ढेपेची पोती उचलणारे हसले. धनराज मान वर न करता म्हणाला, "ताई, तू घरी जाय."

पहिला घाव मानेत अर्धाच बसला. बकऱ्याने हिसका दिला आणि धनराजचे पाय तेलावरून सुटले. त्याचं कपाळ मशीनच्या लोखंडी पायावर आदळलं. बकरा त्याच्या छातीवर तडफडत राहिला. हेमसिंगने तिथेच आणखी दोन घाव घातले. फरशीवर बकऱ्याचं रक्त कोणतं आणि धनराजचं कोणतं, ते कळेना.

हेमसिंगने सत्तूर खाली टाकला. घाम पुसला.

"नाही मानली," तो म्हणाला. "एकानं भागत नाही. दुसरा आणा रे."

निताने भावाला ओढत दारापर्यंत आणलं. त्याच्या कपाळावर ओढणी दाबली आणि त्याचाच हात त्यावर ठेवला. मग पाय रोवत ती आत गेली. सत्तूर उचलला. मशीनच्या ताणलेल्या पट्ट्यावर तिने घाव घातला. मग आणखी एक. कोणी पुढे आलं नाही. पट्टा तुटला आणि सपकन तिच्या पायाशी पडला.

"अवो बाई, समजते का तुले?" हेमसिंग ओरडला. "नवा येईतवर मिल बंद राहीन."

निताने सत्तूर त्याच्या हातात दिला.

"तवर फरशी पुसा."