मनमिळाऊ आप्पा

“आप्पा म्हणजे एक मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व होतं,” पतसंस्थेचे चेअरमन बिभीषण माइकमध्ये म्हणाले, आणि सुग्रीव सरांनी मान तिरकी केली. सकाळपासून जो उठला त्याने आप्पांना मनमिळाऊच ठरवलं होतं.

नदीकाठी आप्पांचा दहावा चालला होता. पिंड मांडून बराच वेळ झाला तरी कावळा शिवत नव्हता, आणि तो शिवल्याखेरीज पंगत बसणार नव्हती. मधला वेळ श्रद्धांजलीच्या भाषणांनी भरला जात होता.

सुग्रीव सर लिंबाच्या दाट सावलीत एकटेच बसले होते. चहाचे कप फिरले. त्यांना कोणी विचारलं नाही. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला ही भाषणं म्हणजे सक्तमजुरी होती. करारी, भिडस्त, मिश्कील, सालस, आतल्या गाठीचा, असे कितीतरी शब्द पूर्वजांनी घासूनपुसून हाती दिले. आणि ही मंडळी प्रत्येक मेलेल्या माणसावर तीच एक भाड्याची शाल पांघरत होती. आप्पांना सरांइतकं जवळून ओळखणारं तिथे कोणी नव्हतं, त्यांची बायको सत्यभामाबाई वगळता. आप्पांविषयी एक तरी खरा शब्द कानावर पडल्याशिवाय इथून हलायचं नाही, असं सरांनी ठरवून टाकलं होतं.

मग गावचे पुढारी अमरसिंह उभे राहिले. “आप्पांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे.”

झाडाखाली दोघे कुजबुजले.

“हेच भाषन नेकनूरला केलतं बे.”

“तितं बी पोकळी पडलती का?”

“पडलती. हीच.”

“मग भरली की काय तिकडची?”

सरांना त्या दोघांना पैकीच्या पैकी गुण द्यावेसे वाटले.

आप्पांचा मुलगा रामेश्वर पिंडापुढे हात जोडून उभा होता. “आप्पा, मायला अंतर देणार न्हाई.” फांदीही हलली नाही. “आप्पा, बांधाचं भांडन मिटवतो.” पिंड तसाच.

“उन्हं चढली,” भटजी म्हणाले. “दर्भाचा कावळा करून लावू आणि मोकळे होऊ.”

सर अस्वस्थ झाले. म्हणजे आप्पा कायमचे मनमिळाऊ म्हणून निकालात निघणार.

तेवढ्यात सत्यभामाबाई पदर सावरत उठल्या.

“मनमिळाऊ म्हनं,” त्या म्हणाल्या. “उभा जलम काढलाय म्या ह्यांच्यासंगं. लई तुसडा मानूस. खवट. हेकेखोर. पाव्हना दारात दिसला की कपाळाला आठी.”

“माय, लोकं ऐकत्यात,” रामेश्वर म्हणाला.

“ऐकू दे. कवापासून खोटं ऐकत्यात, जरा खरं ऐकू दे. भाजी चांगली झाली म्हनलं तर इचारायचा, चांगली म्हंजी कशी, चरचरीत का झणझणीत? माजा बाप गेला तवा मी रडत हुते, तर म्हनला, हुंदका येगळा आन उमाळा येगळा.”

मागून कोणीतरी खुदकन हसलं. बाई थांबल्या नाहीत.

“आन मी तापानं फणफणले की रातभर उशाला बसायचा. इचारलं कावून जागताव, तर म्हनायचा, पुस्तक वाचतोय. दिवा तर इजवलेला. जगाला शब्द शिकवले आन मायेचा एक शब्द बायकूला बोलला न्हाई. घुमा मेला.”

त्या खाली बसल्या.

तुसडा, खवट, हेकेखोर, घुमा. एकही शब्द दुसऱ्यांदा आला नव्हता, आणि एकही उसना नव्हता. सुग्रीव सरांना भरून आलं. हुंदका नव्हे, उमाळा.

मग त्यांनी पंख पसरले, लिंबावरून थेट खाली उतरले, आणि आपल्याच पिंडावर चोच मारली.